चाळीस दिवस, दोन तास

दिल्लीहून दौलताबादला यायला चाळीस दिवस लागतात, असं इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशानं लिहून ठेवलं आहे. महंमद बिन तुघलकानं १३२७ साली राजधानी देवगिरीला हलवायचा घाट घातला, तिचं नाव दौलताबाद ठेवलं, आणि त्या वाटेनं माणसं चालती झाली. सुलतान इकडं मुक्कामाला असला की त्याच्या पिण्याचं पाणी गंगेहून यायचं. तेही चाळीस दिवसांच्या वाटेनं. आज चिकलठाण्याहून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून, दिल्लीचं तिकीट काढलं तर त्यावर दोन तासांच्या आसपासचा आकडा छापलेला असतो.

दोन्ही आकडे खरे. पण पहिला माणसाच्या पायांचा आहे आणि दुसरा विमानाच्या चाकांचा. आपल्याकडं अजूनही बांधावर उभ्या माणसाला गाव किती लांब म्हणून विचारलं तर तो किलोमीटर सांगत नाही. ‘हे काय, पांदीनं गेलं की आलंच’ म्हणतो. त्यात पाऊस झालाय का, पांद चिखलानं भरलीय का, विचारणारा चालत आहे की मोटारसायकलवर, हा सगळा हिशेब आलेला असतो. इंटरनेटवर दोन शहरांमधलं अंतर विचारलं की जो आकडा समोर येतो, त्यात यातलं काहीच नसतं. म्हणून तो आकडा कुठून येतो ते आधी बघायला हवं.

छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ १९.९ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.४ अंश पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा २८.६ आणि ७७.१ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, हे एवढं पाठ ठेवलं तरी पुष्कळ काम होतं. (सागरी मैल ठरवला गेला तोच अक्षांशाच्या एका मिनिटावरून. तो १.८५२ किलोमीटरचा, त्याला साठनं गुणलं की १११. वैमानिक अजून तोच मैल वापरतात.) उत्तर-दक्षिण फरक ८.७ अंश, म्हणजे ९६६ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक १.७ अंश. पण रेखावृत्तं ध्रुवाकडं जाताना जवळ जवळ येतात, त्यामुळं इथं सरळ १११ नं गुणून चालत नाही. दोन्ही अक्षांशांची सरासरी २४.२५ घ्यायची, मोबाइलच्या गणकयंत्रात तिचा कोसाइन काढायचा, तो ०.९१ येतो, आणि त्यानंही गुणायचं. उत्तर १७२ किलोमीटर. आता शाळेतला काटकोन त्रिकोण आठवायचा: ९६६ चा वर्ग, १७२ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. ९८१. संकेतस्थळांवर ९८० ते ९८५ असं काहीतरी दिसतं, ते हेच.

ही रीत हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत बिनधास्त वापरावी. त्यापुढं पृथ्वीचा गोलवा आडवा येतो आणि त्रिकोणाचा कागद फाटतो.

एक फसगत इथंच सांगून ठेवतो. बऱ्याच संकेतस्थळांच्या यादीत शहराचं जुनं नाव अजून आहे, आणि औरंगाबाद बिहारमध्येही आहे. तिथून दिल्ली सरळ रेषेत ८४० किलोमीटरच्या आसपास भरते. तेव्हा नऊशेच्या आतला आकडा आला तर आपण बिहारच्या औरंगाबादेतून निघालोय, असं समजावं. विमानतळाचं तीन अक्षरी नाव, आय एक्स यू, टाकलं की हा घोळ होत नाही.

नकाशावर पट्टी ठेवून संभाजीनगर ते दिल्ली रेघ ओढली तर ती अजिंठ्याचा डोंगर ओलांडून जळगावच्या डोक्यावरून जाते, तापी आणि नर्मदा ओलांडते, देवासला भिडते, उज्जैनला डाव्या हाताला ठेवते, मग राजस्थानात गंगापूरवरून (आपलं वैजापूरजवळचं नव्हे) वर सरकते. जवळजवळ सरळ उत्तर, जरा उजवीकडं कललेली. आपल्या जुन्या ज्योतिषगणितात उज्जैनच्या रेखेला शून्य मानायचे आणि बाकीच्या गावांची वेळ तिच्यावरून कमी-जास्त करायचे. त्या दुरुस्तीला देशांतर म्हणत. मराठवाड्यातलं बीड बरोबर त्याच रेखेवर आहे. उज्जैन ७५.७८, बीड ७५.७६. म्हणजे बीडच्या ज्योतिषाला देशांतराची उठाठेव करायची गरजच नव्हती. बीडहून नाकासमोर उत्तरेला साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटर गेलं की उज्जैन.

पण नाकासमोर जाता येत नाही, गोम तिथं आहे. हवाई अंतर ९८०, रस्त्यानं बाराशेच्या पुढं, आणि रेल्वेनं चौदाशेच्या जवळपास. रेल्वेचा आकडा एवढा का फुगतो, ते सचखंड एक्सप्रेसमध्ये बसलेल्या कुणालाही माहीत आहे. नांदेडहून सकाळी अमृतसरला, म्हणजे उत्तरेला, निघालेली गाडी आधी साडेतीनशे किलोमीटर पश्चिमेला मनमाडपर्यंत येते. परभणी, जालना, संभाजीनगर करत करत. मनमाडला मुंबई-दिल्लीचा मोठा रूळ भेटला की मग तिचं तोंड उत्तरेकडं होतं. नांदेड ते अमृतसर सरळ रेषेत १,४०० किलोमीटरच्या थोडं वर. रुळावरून ते दोन हजारांच्या पुढं जातं. हा रूळ निजामाच्या काळात हैदराबादेला मनमाडशी जोडायला टाकलेला, मराठवाड्याला दिल्लीशी जोडायला नव्हे. त्याचं व्याज प्रवासी अजून भरतो आहे. जालना ते जळगाव १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. तो झाला तर मनमाडचा वळसा चुकेल. रस्त्याचं म्हणाल तर कन्नडचा औट्रम घाट मध्ये बसलेला आहे, आणि २०२३ पासून जड वाहनांना तिथून बंदी आहे. ट्रकवाल्याचं अंतर त्या दिवशी वाढलं. जमीन जिथल्या तिथंच आहे.

आता विमानाचे दोन तास.

प्रवासी विमान वर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. ९८० ला ८३० नं भागलं तर एक तास अकरा मिनिटं येतात. मग उरलेला पाऊण तास, म्हणजे दोन घटकांएवढा वेळ, जातो कुठं? तो टोकांना जातो. दार बंद होऊन विमान हललं की घड्याळ सुरू होतं, उडाल्यावर नाही. वेळापत्रकातली वेळ ही अशी जागेवरून हलण्यापासून जागेवर थांबण्यापर्यंतची असते. चिकलठाण्याला गर्दी नसते, सात-आठ मिनिटांत विमान धावपट्टीच्या टोकाला पोचतं. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि जायचं आहे उत्तरेला, म्हणजे उडाल्यावर वळसा आला. पस्तीस हजार फुटांवर, साधारण पावणेअकरा किलोमीटर उंच चढायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात दोनशे किलोमीटर मागं पडतात. मधला पल्ला म्हणजे खरा वेग, तो सहाशे किलोमीटरपेक्षाही कमी, चाळीस-बेचाळीस मिनिटांचा. उतरण लांबून सुरू होते. वैमानिकांचा ठोकताळा असा, की जितके हजार फूट उंच त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला लागायचं. पस्तीसच्या तिप्पट एकशे पाच, म्हणजे १९५ किलोमीटर. याचा अर्थ राजस्थानात हिंडौनच्या आसपासच कानात दडे बसायला सुरुवात होते. लहान मूल रडायला लागलं की दिल्ली पंचवीस-तीस मिनिटांवर आली, हे घड्याळ न बघता सांगता येतं. उतरणीची पंचवीस मिनिटं, दिल्लीच्या आकाशात रांगेत लागायची दहा, आणि चाकं टेकल्यावर दारापर्यंत जायची पंधरा. शेवटची पंधरा ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत आणि त्यातली कुठली मिळेल यावर जमिनीवरची वरात ठरते. सगळं मिळवा, दोन तास भरतात.

म्हणून एक सोपा हिशेब: किलोमीटरना आठशेनं भागायचं आणि पाऊण तास मिळवायचा. संभाजीनगर-मुंबई सरळ रेषेत २८० किलोमीटर, एकवीस मिनिटं अधिक पंचेचाळीस, तासाच्या थोडं वर. वेळापत्रकातही असंच दिसतं. मुंबई-दिल्ली ११४०, दोन तास दहा मिनिटं. तेही जुळतं. या हिशेबात एक उघडं गुपित आहे: पल्ला जितका छोटा तितका विमानाचा फायदा कमी. मुंबईच्या प्रवासात निम्म्याहून जास्त वेळ हा पाऊण तासच खातो. मुंबईला विमानानं जाण्यापेक्षा रात्रीची रेल्वे बरी, हे मत असणारे लोक चिकट नसतात, गणित जाणणारे असतात.

वाऱ्याची गंमत दिल्लीच्या वाटेवर फारशी कळत नाही. थंडीत उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, ताशी दीडशेच्याही वर जातो. पण आपण जातोय उत्तरेला, तो कुशीवर लागतो. विमान नाक जरा पश्चिमेला ठेवून तिरकं चालत राहतं, भरल्या नदीत नावाडी ठेवतो तसं. ताशी दीडशेचा आडवा वारा असला तरी ८३० चे फार तर ८१५ होतात. जाता-येता एखाद्या मिनिटाचा फरक. हेच पूर्व-पश्चिम पल्ल्यावर तासांचं काम होतं. २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान अटलांटिक सोडून प्रशांत महासागरावरून, पाठीशी वारा घेऊन गेलं. वाट चौदाशे किलोमीटरनं लांबली, १५,३०० झाली, आणि तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीच्या वाटेपेक्षा लवकर. लांबून जाणारा आधी पोचला, हे फक्त म्हणीतच नसतं.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, कारण लातूर-परभणीच्या घराघरांत आता कुणी ना कुणी तिकडं आहे आणि लेकीच्या बाळंतपणाला आईवडील निघतात. मुंबई-न्यूयॉर्क १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते आणि १४,२०० भरते. खरी जवळची वाट वायव्येला चढत ६४-६५ अंश अक्षांशापर्यंत जाते. पटत नसेल तर घरातली गोल घागर घ्यावी, पोटाच्या जरा वर दोन ठिकाणी खडूनं खुणा कराव्यात आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणावा. दोरा आपोआप काठाकडं सरकतो. तोच ध्रुवाकडचा रस्ता. तरी ती वाट कागदावरची, कारण खालच्या देशानं आकाश बंद केलं तर वळसा घालावा लागतो. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आकाश बंद केलं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या फेऱ्या लांबल्या. दिल्ली तिथंच होती, लंडनही.

या लांबच्या प्रवासात नवख्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते अंतर नव्हे, तारीख. मुंबईहून परदेशाची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर समजा ‘१५ तारीख, ००:५०’ असं छापलंय. घरातले पंधरा तारखेच्या रात्रीची तयारी करतात. आणि विमान गेलेलं असतं आदल्या रात्रीच, म्हणजे चौदा तारखेला जेवणं झाल्यावर ज्याला आपण ‘आज रात्री’ म्हणतो त्या रात्री. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी हजर राहायचं, म्हणजे चौदाला रात्री दहाच्या आधी मुंबईच्या विमानतळावर. लातूरहून रात्रीच्या रेल्वेनं जाणाऱ्यानं तेराच्या रात्री निघायला हवं. पंधराच्या तिकिटासाठी तेराला घर सोडायचं, हे आजोबांना पटवायला वेळ लागतो. कागदावर तिन्ही तारखा लिहून फ्रीजवर चिकटवाव्यात, दुसरा उपाय नाही.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. मुंबईहून रात्री दीडला निघालं आणि न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला उतरलं, तर प्रवास सहा तासांचा नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागं साडेनऊ तास असतं. ते मिळवायचे: साडेपंधरा. येताना तेच वजा करायचे. आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढं जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं येतात. हिवाळ्यात तोच फरक साडेदहा होतो. फोन करताना पोरगी झोपेतून उठते त्याचं कारण दरवर्षी हेच असतं.

दिल्लीला जाताना घड्याळ हलत नाही. तरी सूर्याचं म्हणाल तर देशाची वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण त्याच्या सात अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं. म्हणून संभाजीनगरला खरी मध्यान्ह सरासरी साडेबाराला होते. दिल्लीला त्याच्या सहा-सात मिनिटं आधी. बस, एवढाच फरक.

मग बीडच्या माणसाला दिल्ली किती लांब? यूपीएससीच्या क्लासला करोल बागेत जाणारं पोरगं धरा. बीड ते चिकलठाणा सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर, अडीच तास. सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, दार वीस-पंचवीस मिनिटं आधी, म्हणून दीड तास आधी पोचायचं. विमानाचे दोन. सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा. टर्मिनल ३ ला उतरलं तर विमानतळाची मेट्रो वीस मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला सोडते, पुढं बदलून करोल बाग, चढउतार धरून तास. साडेसात तास झाले आणि त्यात आकाशातले दीडच. थेट विमान चुकलं आणि मुंबईवरून जायचं ठरलं तर अंतर ९८० चं १,४२० होतं, पण खरा धोका किलोमीटरचा नाही. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर पहिलं विमान उशिरा पोचल्यावर दुसरं आपल्यासाठी थांबत नाही, पैसेही परत मिळत नाहीत, आणि सामान घेऊन पुन्हा पहिल्यापासून रांगेत लागावं लागतं. एकाच क्रमांकावर दोन्ही प्रवास असले तर जबाबदारी कंपनीची. पाचशे-हजार वाचवायला तिकिटं तोडणं म्हणूनच महागात पडतं. देगलूर-बिलोलीकडच्यांनी तर चिकलठाण्याचा विचारच करू नये, त्यांना हैदराबाद जवळ.

डिसेंबर-जानेवारीत आणखी एक गोष्ट होते. चिकलठाण्याला लख्ख ऊन पडलेलं असतं, आणि फलकावर दिल्लीचं विमान दोन तास उशिरा दाखवतात. लोक काउंटरवरच्या पोरांवर चिडतात. पण ज्या विमानानं आपण जाणार ते अजून दिल्लीहून यायचं असतं, आणि तिथं पहाटे धुक्यात हात दिसत नाही. दिल्लीला धावपट्टीवरची दृश्यता पन्नास मीटर असली तरी उतरता येईल अशी यंत्रणा आहे, पण त्यासाठी विमानही तसं लागतं आणि वैमानिकही तसा प्रशिक्षित. आणि उडायला मात्र सव्वाशे मीटर लागतात. म्हणून विमानं उतरतात, पण उडत नाहीत, आणि जागा तुंबतात. काउंटरवर विचारण्यापेक्षा मोबाइलवर विमानं दाखवणारं ॲप उघडून आपलं विमान दिल्लीहून उडालं का ते बघावं. उडालं असेल तर दोन तास, अधिक साफसफाई आणि इंधनाचा अर्धा-पाऊण तास. नसेल उडालं तर चहा घ्यावा. थंडीत शक्यतो दुपारचं विमान बघावं, धुकं तोवर विरतं. मे महिन्यात उलट: पारा बेचाळीसवर गेला की हवा विरळ होते, विमानतळ आधीच समुद्रसपाटीपासून ५८० मीटर उंच, पंखांना उचल कमी मिळते आणि भरलेल्या विमानाला वजन कमी करावं लागू शकतं. तेव्हा सकाळचं बरं.

येताना खिडकी मागायची तर डावीकडची मागावी. थंडीत पूर्वेकडचा वारा असला की विमान पश्चिमेकडून चिकलठाण्याला उतरतं, आणि वीसेक किलोमीटर आधी डाव्या बाजूला दौलताबादचा किल्ला दिसतो, कातळाचा उभा सुळका आणि भोवतीची तटबंदी. तिथून धावपट्टी पाच मिनिटांवर असते. उतरून, सामान घेऊन, रिक्षा करून त्याच किल्ल्याकडं निघालं तर जालना रोडच्या गर्दीतून तासभर लागतो.